खेड्यातल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा भागातल्या गावांत आता बैलबंडीच्या बाजूला इलेक्ट्रिक कार उभी दिसते, आणि मला त्याचा आनंदच आहे. मी परवानाधारक वायरमन. घरचं वायरिंग आणि गाड्यांचे चार्जिंग पॉइंट ही माझी रोजची कामं. "गाडी बिघडली, लवकर या" म्हणून फोन येतो आणि जाऊन पाहावं तर गाडी धडधाकट. बिघाड असतो सॉकेटात, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, नाहीतर गावच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. त्याच त्या चुका गावोगावी पाहून जीव कंटाळला आहे. काही चुका फक्त खिशाला लागतात, पण एकदोन अशा आहेत की त्यात घरातलं माणूस जाऊ शकतं. म्हणून हे लिहितो आहे.

लाल दिवा आला म्हणून न्यूट्रल आणि अर्थ जोडणे

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच.

गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर सॉकेटात लावला की तो आधी अर्थिंग तपासतो. अर्थिंग नसेल तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. खेड्यातल्या जुन्या घरांत सॉकेटाच्या तिसऱ्या पिनला बरेचदा तारच नसते. असली तर ती भिंतीत कुठेतरी संपते, जमिनीपर्यंत पोचत नाही. इकडे मालकाने कर्ज काढून गाडी घेतलेली, उद्या सोयऱ्यांकडे लग्नाला जायचं, थांबायला वेळ नाही. मग गावातला एखादा हुशार पोरगा येतो. "काई नाई होत काका, लूप मारून देतो." सॉकेट उघडून न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थच्या पिनमध्ये बोटभर तार टाकतो. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. हेच काम करणारे तयार बायपास प्लगही विकत मिळतात. ते घेऊ नका.

त्या बोटभर तारेने काय होतं ते एका घरात पाहिलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. कापूस-तुरीचं घर, गाडी नवी, गोठ्याला लागून पत्र्याचं शेड, तिथेच चार्जिंग. उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं आणि रात्री खांबावरून घरात येणारी न्यूट्रलची तार सुटली. घरातले दिवे गेले. वारा सुटला की लाइन जाते हे नेहमीचंच, म्हणून कोणी उठलं नाही. गाडी चार्जरला तशीच जोडलेली. पहाटे खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्याने मान ताणून गाडीच्या चाकाच्या नटांना जीभ लावली आणि तो जागीच कोसळला. घरच्यांना वाटलं, साप चावला. सगळे टॉर्च घेऊन गोठ्यात साप शोधायला लागले. ओल्या जमिनीवर, त्या गाडीच्या भोवती, लहान पोरांसकट. घरचा मालक गुरांच्या डॉक्टरला आणायला निघाला, गाडीचं दार उघडलं आणि आत वाकताना दाराच्या लॉकच्या उघड्या लोखंडी खटक्याला त्याचा हात लागला. पायात रबरी चप्पल होती, झटका बसून तो मागे फेकला गेला, म्हणून वाचला. गोऱ्हा गेला.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या. फेजची तार शाबूत होती. करंट घरात येत होता, फ्रिजमधून पलीकडे न्यूट्रलमध्ये जात होता, पण न्यूट्रलची परतीची वाट खांबावर तुटलेली. त्यामुळे घरातली सगळी न्यूट्रल तारच जिवंत झाली. लूपमुळे तो करंट अर्थच्या पिनमध्ये आला, तिथून चार्जरच्या केबलमधून थेट गाडीच्या सांगाड्यात. टायर रबराचे, म्हणून तो जमिनीत उतरला नाही. घरात एकही दिवा लागत नव्हता आणि गाडीच्या पत्र्यात २३० व्होल्ट उभे होते. ओल्या जमिनीवर उभं राहून जो पहिला उघड्या लोखंडाला हात लावेल, त्याच्यातून तो करंट जाणार होता. अर्थिंग खरं असतं आणि लूप नसता तर न्यूट्रल तुटून फक्त दिवे गेले असते.

लूप मारणाऱ्या पोराला बोलावलं तर तो म्हणाला, "पन चार्जिंग तं होत होतं ना भाऊ." हे वाक्य मी गावोगावी ऐकतो. चार्जिंग होतं आहे, याचा अर्थ जोडणी बरोबर आहे असा होत नाही. लूप मारला की माणसाचा जीव सांभाळण्यासाठी दिलेली तार नसली तरी चार्जिंग होतं.

आता माझी पद्धत. सॉकेटावर मल्टिमीटर लावतो आणि घरात गिझर नाहीतर इस्त्री चालू ठेवतो. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट असं दिसलं तर ठीक. लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून आत लूप आहे का ते पाहा. नुसत्या मीटरवर माझा भरवसा नसतो, कारण अर्धवट तुटलेल्या तारेवरही मीटर व्होल्टेज दाखवतो. म्हणून फेज आणि अर्थवर २०० वॅटचा बल्ब लावून पाहतो. तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. हे काम घरच्यांनी करायचं नाही, वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्याकडे अर्थ टेस्टर असेल तर उत्तम, ५ ओहमच्या आत आलं की मी समाधानी असतो.

खड्डा खरा करा. अडीच-तीन मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, तिथून सॉकेटापर्यंत सलग तार, मध्ये कुठे गुंडाळलेला जोड नको. नळाच्या पाइपला अर्थ बांधू नका, पुढे तो प्लास्टिकचा असतो. आणि आपल्या काळ्या जमिनीचं एक लक्षात ठेवा. पावसाळ्यात ती फुगून पाइपला घट्ट धरते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते आणि दिवाळीला उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. "चार महिने चालत होता, आता चार्जर लाल दाखवते, बदलून मागू का?" असा फोन एप्रिलमध्ये आला की मी आधी विचारतो, खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं? होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाका. नवीन खड्डा करत असाल तर कोळशाऐवजी बेंटोनाइट या चिकणमातीचं मिश्रण भरा, ते ओल धरून ठेवतं.

घरचं अर्थिंग चांगलं असूनही न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसत असतील तर दोष बहुतेक डीपीवरच्या न्यूट्रलचा असतो. त्याला घरात उपाय नाही. महावितरणकडे लेखी तक्रार द्या, लाइनमनच्या मागे लागा. डीपीला स्वतः हात लावू नका.

चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला की बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. तोही 'ए' टाइपचा. दुकानदार स्वस्तातला 'एसी' टाइप पुढे करतो, पण गाडीच्या चार्जरमधून होणारी गळती त्याला प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. लाखोंची गाडी घेणारा माणूस इथे काही शे रुपयांवरून घासाघीस करतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंग

"गिझर चालतो ना या बोर्डावर, मग गाडी काऊन नाही?" गिझर वीस मिनिटांत पाणी तापवून बंद होतो. गाडीचा चार्जर १५ अँपिअरपर्यंत करंट सलग सात-आठ तास, रात्रभर ओढतो. जिथे थोडी ढिलाई असेल तिथे उष्णता साठत जाते. मी काढलेल्या सॉकेटांमध्ये आतली पितळी पट्टी निळी-काळी झालेली असते, पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन बसलेलं असतं आणि जळक्या माशासारखा वास येतो. तो वास आला की तिथेच थांबा.

कापसाचा हंगाम असेल तर थांबणं आणखी गरजेचं. भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात, शेडमध्ये छतापर्यंत भरलेला असतो, बाजूला कुटार, म्हणजे गुरांचा भुसा असतो आणि मधूनच चार्जिंगची वायर गेलेली असते. एक ठिणगी पुरेल. कापूस, कुटार, पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग आणि फवारणीची औषधं जिथे असतील, तिथे गाडी चार्ज करायची नाही, हा माझा नियम आहे. तो न पाळणाऱ्याचं काम मी घेत नाही.

मीटरपासून थेट चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. शेवटी चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं सॉकेट, नाहीतर त्याहून बरं म्हणजे इंडस्ट्रियल सॉकेट लावा. चार्जरचा डबा वायरीला लोंबकळत ठेवू नका. त्याच्या वजनाने प्लग ढिला होतो आणि ढिला प्लग तापतो. भिंतीत खुंटी ठोकून डबा तिच्यावर टांगा, सावलीत. मे महिन्यातल्या उन्हात पडलेला चार्जर स्वतःच करंट कमी करतो किंवा बंद पडतो आणि लोक गाडीला दोष देतात. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हाताचा मागचा भाग लावून पाहायची सवय ठेवा. कोमट चालेल, चटका नको.

वावरातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावणे

करू नका. ते कनेक्शन शेतीसाठी दिलेलं असतं. दुसऱ्या कामाला वापरलं तर वीज कायदा २००३च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून दंडाचं बिल येतं. शिवाय तिथल्या थ्री फेजमध्ये एखादा फेज उडणं, व्होल्टेज कोसळणं हे रोजचं. घरच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला हरकत नाही, मंजूर भार कमी पडत असेल तर वाढवून घ्या. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० पर्यंत पडतं, तेव्हा चार्जिंग मध्येच तुटतं. रात्री अकरानंतर लावा, बहुतेकांची तक्रार तिथेच संपते.

पांदण, नाला आणि पुराचं पाणी

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधला उंचवटा तसाच आणि त्यात गोटे. पाच माणसं बसवून तिथून गाडी नेली आणि खालून धाडकन आवाज आला, तर पुढे जाण्याआधी उतरा, वाकून पाहा. खालचा पत्रा आत दबला आहे का, कूलंट ठिबकतो आहे का? दबलेला दिसला किंवा पडद्यावर बॅटरीची सूचना आली तर ती गाडी चार्जिंगला लावायची नाही. सर्व्हिस सेंटरला रॅम्पवर चढवूनच तपासून घ्यायची. आत चेपलेला सेल लगेच काही करेल असं नाही. तो काही दिवसांनी तापू शकतो, आणि तोवर आपण तो धक्का विसरलेलो असतो.

पाण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. "आयपी ६७ आहे भाऊ, पाण्यातून जाते." आयपी ६७ म्हणजे बॅटरीचा डबा एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो, तोही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, सील शाबूत असताना. वणा नदीला पूर आल्यावर अंगणात रात्रभर उभ्या राहिलेल्या गढूळ पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. वावरातून आलेलं पाणी खत आणि क्षार घेऊन येतं, ते साध्या पाण्यापेक्षा जास्त वीज वाहून नेतं.

आमच्या भागात एका गाडीत सीटपर्यंत पाणी गेलं होतं. ऊन पडल्यावर मालकाने दारं उघडी ठेवून दोन दिवस वाळवली. बाहेरून कोरडी ठणठणीत. पडद्यावर इन्सुलेशनची सूचना येत होती, तर एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून ती उडवून दिली. गाडी चार्जिंगला लावायच्या बेतात होते. मी हात जोडून सांगितलं, लावू नका, आणि गाडी घरापासून दूर मोकळ्या खळ्यात न्यायला लावली. पुढे सर्व्हिस सेंटरला बॅटरीचं कनेक्टर उघडलं तेव्हा आतल्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या. तांब्याला गंज चढला होता.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही, चार्ज करायची नाही, सूचना पुसायची नाही. घर, गोठा, कापूस यांच्यापासून लांब, उघड्यावर ठेवायची आणि विमा कंपनीला कळवायचं. आणि ट्रॅक्टरला दोर बांधून तर अजिबात ओढायची नाही. चाकं फिरली की मोटार वीज तयार करते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. रस्त्यातून बाजूला करण्यापुरती न्यूट्रलमध्ये ढकला, पुढे फ्लॅटबेडच मागवा. नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या तर हात मागे घ्या. बहुतेक गाड्यांत त्यांच्यात ३०० व्होल्टच्या वर वीज असते. मीही त्यांना हात लावत नाही.

गाडी चालू आहे हे विसरणे

इंजिनाचा आवाज नाही, म्हणून माणूस 'डी'मध्ये ठेवूनच उतरतो. मग पोरगं आत चढतं, ॲक्सिलरेटरवर पाय पडतो. उतरण्याआधी पार्किंग ब्रेक, 'पी' असेल तर 'पी', मग पॉवर बटण बंद, पडदा विझला का पाहायचं आणि चावी खिशात. याच क्रमाने, दर वेळी. गावातून जाताना वेग कमी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना आणि गुरांना ही गाडी मागून येताना ऐकूच येत नाही.

उन्हाळा आणि घाई

आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६ च्या पुढे जातो. समृद्धीवर १२० ने गाडी पळवायची, तापलेली बॅटरी तशीच फास्ट चार्जरला लावायची आणि चार्जिंग हळू होतं म्हणून चार्जरवाल्याशी भांडायचं, हे बंद करा. बॅटरी तापली की गाडीच करंट कमी करते, ते तिच्या भल्यासाठी. ८० टक्क्यांनंतर वेग पडतो तोही त्यासाठीच. १२० ऐवजी ८५-९० ने चला, रेंजमध्ये मोठा फरक पडतो आणि टायरही कमी तापतात. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

रोज १०० टक्के भरायचं की ८०, हे शेजाऱ्याला विचारू नका. बॅटरीतल्या सेलचे एलएफपी आणि एनएमसी असे दोन प्रकार असतात. एलएफपी सेलच्या गाड्यांना अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, एनएमसीच्या गाड्यांना रोजच्यासाठी ८० च्या आसपास. आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. मराठीत नसेल तर शिकणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. आणि चिखलदऱ्याला वर १०० टक्के भरून परतवाड्याकडे उतरायला निघू नका. उतारावर पाय काढला की मोटार वीज तयार करून बॅटरीत परत भरते आणि गाडी सावकाश होते, त्याला रिजनरेशन म्हणतात. भरलेल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागा नसते. पाय काढल्यावर गाडी आपोआप सावकाश होईल या सवयीने तुम्ही चालवता आणि घाटात सगळा भार ब्रेकवर येतो.

धूर दिसला तर

पोटाखालून पांढरा धूर, फुस्स आवाज, गोडसर उग्र वास यातलं काहीही आलं तर सामान काढत बसू नका. सगळे बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब. तो धूर विषारी असतो. ११२ ला फोन करून गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा, कारण तिला खूप वेळ, खूप पाणी लागतं आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. आग विझवायच्या छोट्या सिलिंडरने ती विझत नाही. तालुक्याहून अग्निशमनची गाडी यायला वेळ लागतो, म्हणूनच कापसापासून लांब उभी करण्याचा माझा एवढा आग्रह. २०२२ साली स्कूटरला आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, पण या चाचण्या तुमच्या गोठ्यातल्या वायरिंगची जबाबदारी घेत नाहीत.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरणे

मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली आणि गाडी मेल्यासारखी. दार उघडत नाही, पडदा लागत नाही. बहुतेक वेळा बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते. कुलपं, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचा स्विच हे सगळं तिच्यावर चालतं. गाडी महिनाभर उभी राहिली, दार नीट लागलं नाही, डॅशकॅम चालू राहिला की ती उतरते. उभ्या गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास 'रेडी'मध्ये ठेवा. तीन-चार वर्षं झाली की बंद पडायची वाट न पाहता ती तपासून घ्या. चावीच्या आत लपवलेली साधी चावी कुठे आहे आणि दार तिने कसं उघडतं, हे घरातल्या सगळ्यांना आजच दाखवून ठेवा. बॉनेटखाली उंदरांनी घर केलं आहे का, तेही त्याच वेळी पाहा. कुटाराजवळ उभ्या गाडीत ते हमखास शिरतात आणि बारीक वायरी आधी कुरतडतात.